‘मला’ आणि ‘माझ्याकडे’

व्याकरणाच्या तासाला मी दरवर्षी दोन वाक्ये फळ्यावर लिहितो. ‘माझ्याकडे छत्री आहे’ आणि ‘मला एक बहीण आहे’. मग विचारतो, ‘मला दोन पाय आहेत’ असे म्हणायचे की ‘माझ्याकडे दोन पाय आहेत’ असे? वर्ग हसतो. दुसरे वाक्य मराठी नव्हे, याबद्दल कोणाचेही दुमत नसते. जे देता-घेता येते, विसरता येते, हरवू शकते ते ‘माझ्याकडे’ असते. आप्त आणि अवयव मात्र ‘मला’ असतात. ही सीमारेषा कोणी शिकवलेली नसते, तरी ती प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर असते.

परंतु जगात काही माणसे अशी आहेत की त्यांच्या बाबतीत ते चुकीचे वाक्यच बरोबर ठरते. त्यांच्याकडे पाय असतो. त्यांना तो नसतो. पाय निरोगी असतो, चालतो, त्याला स्पर्श कळतो, टोचले तर दुखतेही. तरीही मांडीवरच्या एका ठरावीक रेषेखाली जे काही आहे ते आपले नव्हे, अशी जाणीव त्यांना बालपणापासून असते आणि तो भाग नसता तर आपण पूर्ण झालो असतो, असे त्यांना वाटत राहते. काहींना अवयव नको असतो, तर काहींना पक्षाघात किंवा अंधत्व हीच आपली खरी स्थिती वाटते. 1977 साली जॉन मनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओढीला लैंगिक विकृतीच्या वर्गात बसवले. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल फर्स्ट यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिला स्वत्वाच्या जाणिवेशी निगडित विकार म्हटले. 2011 मध्ये व्ही. एस. रामचंद्रन यांचा सहभाग असलेल्या एका संशोधक गटाने ‘झेनोमेलिया’ हा शब्द योजला. त्याचा अर्थ सरळ ‘परका अवयव’ असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेला ‘बॉडी इंटेग्रिटी डिस्फोरिया’ असे स्वतंत्र स्थान मिळाले. आपण सोयीसाठी तिला ‘अवयवपरकेपणा’ म्हणू.

अशा माणसांवर चित्रपट थोडे आहेत. ते पाहताना मला सतत एक गोष्ट खटकत आली. चित्रपटाला ‘का’ हवा असतो. पात्राने काही विलक्षण इच्छिले की त्या इच्छेमागे एखादे गुपित, एखादा जुना घाव असलाच पाहिजे आणि शेवटच्या अर्ध्या तासात तो उघडा पडलाच पाहिजे, असा कथापटाचा अलिखित करार असतो. अवयवपरकेपणा या करारात बसत नाही. आणि बसत नाही म्हणून चित्रपट त्याला एकतर वेड करतो, नाहीतर कोडे, नाहीतर विनोद.

या परंपरेच्या मुळाशी टॉड ब्राउनिंग यांचा 1927 चा ‘द अननोन’ हा मूकपट आहे. लॉन चेनीचा अलॉन्झो सर्कशीत पायांनी सुऱ्या फेकतो. त्याला हात नाहीत असे जग समजते. प्रत्यक्षात तो दोन्ही हात कातडी पट्ट्यांनी अंगाशी आवळून बांधतो, कारण त्याच्या एका हाताला दोन अंगठे आहेत आणि त्या खुणेवरून गुन्हा उघड होण्याची भीती आहे. पुरुषांच्या हातांची घृणा असलेल्या नॅनॉनसाठी (ही भूमिका तरुण जोन क्रॉफर्डची) तो एका शल्यविशारदाला धमकावून आपले दोन्ही हात खरोखरच कापून घेतो. परततो तो काय, तिची भीती गेलेली असते आणि ती सर्कशीतल्या बलदंड मलबारच्या मिठीत असते.

अलॉन्झोला अवयवपरकेपणा नाही. त्याची प्रेरणा प्रेम आणि भय यांची आहे. तरीही या मेलोड्रामात एक क्षण असा आहे की त्याच्या जवळपास पुढचे कथापट क्वचितच पोहोचले. हात मोकळे असताना, विचारात गढलेला अलॉन्झो नकळत पायानेच सिगारेट पेटवून ओढू लागतो. आपल्याला हात आहेत हे तो विसरला आहे, हे पाहून त्याचा ठेंगणा साथीदार हसू लागतो. शरीराचा जो नकाशा आपण मनात बाळगतो तो आणि प्रत्यक्ष शरीर यांत फट पडू शकते, हे येथे दिसते. चेनीच्या पायांची बरीचशी कसरत पडद्यावर प्रत्यक्षात एका हात नसलेल्या कलावंताने केली होती. ज्याला ते जगणे ठाऊक होते त्याचे पाय वापरले गेले. चेहरा मात्र दुसऱ्याचा राहिला. हा तपशील मला पुढच्या साऱ्या इतिहासाचे रूपक वाटतो.

‘क्विड प्रो क्वो’ हा कार्लोस ब्रुक्स यांचा 2008 चा चित्रपट या विषयाला थेट हात घालतो. (शेवट आधी कळू नये असे ज्यांना वाटते त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) आयझॅक हा बालपणीच्या मोटार-अपघातात आईवडील गमावलेला, चाकाच्या खुर्चीवर वावरणारा न्यूयॉर्कमधील रेडिओ-पत्रकार. धडधाकट असूनही अपंग होऊ इच्छिणाऱ्या माणसांचा माग काढताना त्याला फियोना भेटते. ती चालू शकते, पण तिला चाकाची खुर्ची हवी आहे. व्हेरा फार्मिगाने ही भूमिका विलक्षण ताकदीने केली आहे. खुर्चीत बसताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला लोभ म्हणता येत नाही, वासना तर नाहीच. दिवसभर उन्हात फिरून घरी येऊन चप्पल काढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची ती सुटका आहे. इतके हाती लागल्यावर चित्रपट घाबरतो. आयझॅकला एक जुन्या धाटणीचे बूट मिळतात, ते घालून तो चालू लागतो, म्हणजे त्याचा पक्षाघात मनाचा होता. आणि फियोनाच्या इच्छेचे मूळ त्याच्या बालपणीच्या त्याच अपघाताशी आणून जोडले जाते. अपराधभाव हे उत्तर मिळते, कुलूप उघडते, प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. फियोना मात्र हरवते. कोडे सुटल्यावर कोड्याची गरज कोणाला असते?

हबीब अझर यांच्या 2010 च्या ‘आर्मलेस’ची वाट वेगळी आहे. जॉन हा विवाहित, पापभीरू गृहस्थ दोन्ही हात कापून घेण्यासाठी घर सोडून न्यूयॉर्कला डॉक्टर शोधत येतो. हा काळा विनोद आहे आणि माझ्या मते तो अधिक प्रामाणिक आहे, कारण जॉनला असे का वाटते याची फारशी चौकशी तो करत नाही. आकार बदलण्यासाठी शरीरावर सुरी चालवणे हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्या डॉक्टरलाही ही मागणी ऐकून धक्का बसतो, यातला उपरोध बोचरा आहे. तरीही विनोदाला अंतर लागते. जॉनकडे आपण दुरून पाहतो. त्याच्या हातांच्या आत शिरून आपण काही अनुभवत नाही.

आता या पात्रांशेजारी खऱ्या माणसांना उभे करावे. फर्स्ट यांनी 52 जणांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. त्यांतील कोणीही भ्रमिष्ट नव्हते. आपला पाय आपलाच आहे, निरोगी आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ही जाणीव बहुतेकांना लहानपणापासून होती आणि आपली खरी ओळख त्या रूपात आहे हेच कारण बहुतेकांनी प्रथम सांगितले. नऊ जणांचा अवयव तोडला गेला होता. त्यांतील तिघांना शल्यविशारद मिळाला. उरलेल्या सहांनी जिवावर बेतेल अशा मार्गांनी ते घडवून आणले होते. 2011 च्या अभ्यासात केवळ चारच व्यक्ती होत्या. परंतु नकोशा भागाला स्पर्श केला असता मेंदूच्या उजव्या पार्श्वखंडातील ज्या भागात प्रतिसाद उमटावयास हवा तेथे तो क्षीण होता. एवढ्यावरून कारण सापडले असे म्हणणे घाईचे होईल. मुद्दा इतकाच, की या माणसांच्या कहाणीत बहुधा कहाणीच नसते. असते ती दीर्घ, रोजची, नीरस लपवाछपवी. दार लावून पाय दुमडून बांधून कुबड्यांवर चालून पाहणे, आणि दार उघडण्यापूर्वी कुबड्या लपवणे.

हे नीरसपण ज्यांना दिसले ते माहितीपट आहेत. मेलोडी गिल्बर्ट यांच्या 2003 च्या ‘होल’मध्ये ही माणसे आपापल्या घरी बसून बोलतात. कॅमेरा त्यांच्या जोडीदारांकडेही वळतो; आणि माझ्या दृष्टीने त्या माहितीपटाचे केंद्र तेथे आहे. ज्याच्याशी संसार केला त्याच्या मनात आपल्याला न सांगितलेले असे काही इतकी वर्षे होते, हे कळल्यावर जोडीदाराने काय करावे? ‘का’ हा प्रश्न येथेही विचारला जातो, पण उत्तर न मिळताही माणसे पुढे बोलत राहतात.

पडद्यावरच्या चित्रणाने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते. स्कॉटलंडमधील फॉलकर्कच्या रुग्णालयात रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदांनी 1997 आणि 1999 मध्ये दोन रुग्णांचे निरोगी पाय, मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर, काढले. 2000 साली बीबीसीच्या ‘होरायझन’ मालिकेतील माहितीपटाने या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहिले; परंतु वृत्तपत्रांतून गदारोळ उठला आणि व्यवस्थापनाने पुढील शस्त्रक्रियांना मनाई केली. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर सुज्ञांत मतभेद आहेत आणि असावेत. निरोगी अवयव काढणे हे वैद्यकाच्या शपथेला धरून आहे का, हा प्रश्न हलका नव्हे. पण या माणसांपुढे दुसरी बाजू काय असते तेही पाहावे. 1998 मध्ये मेक्सिकोतील तिहुआना येथे, परवाना गमावलेल्या एका अमेरिकी डॉक्टरकडून पाय कापून घेतलेला एक वृद्ध गृहस्थ त्या जखमेने दगावला. सभ्य दवाखान्यात जे शब्द उच्चारताही येत नाहीत ते असे सीमेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत उच्चारले जातात. शस्त्रक्रिया व्हावी की न व्हावी हा पुढचा प्रश्न झाला; डॉक्टरसमोर बसून हसू न होता, दचकवल्याशिवाय हे सांगता यावे ही पहिली गरज आहे. आणि तेवढी भाषा समाजाला देणे चित्रपटाच्या आवाक्यात आहे.

येथे एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी अवयव खरोखर गमावला आहे, जे रोज पायऱ्या, बसगाड्या, नोकऱ्या आणि दयेच्या नजरा यांच्याशी झगडतात, त्यांना ही इच्छा थट्टेसारखी वाटली तर नवल नाही. त्यांचे दुःख कोणाला पोशाखासारखे घालावेसे वाटते, असा त्यांचा समज होऊ शकतो. ‘क्विड प्रो क्वो’मध्ये अपंग नायक अखेर चालू लागतो तेव्हा हा आक्षेप आणखी धारदार होतो, कारण त्या एका कलाटणीने चित्रपट दोघांचाही अपमान करतो. चालू न शकणे आणि चालावेसे न वाटणे, दोन्ही मनाचेच खेळ ठरतात. माझे म्हणणे असे, की हा आक्षेप या माणसांवर नसून त्यांच्या अशा चित्रणावर असावयास हवा. ज्याला आपला पाय परका वाटतो त्याला दुसऱ्याचे दुःख नको असते; त्याला स्वतःचे शरीर हवे असते.

कलावंताला रूपकाचा अधिकार आहे, हे मी साहित्याचा विद्यार्थी या नात्याने नाकारणार नाही. तुटलेला अवयव हे अपराधाचे, अपूर्ण प्रेमाचे, देशाच्या विच्छेदनाचेही रूपक होऊ शकते. पण रूपकाचा पाय जमिनीवर असावा लागतो. मूळ वस्तूच प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर रूपक तिची जागा बळकावते आणि मग ती वस्तू पुन्हा कधीच दिसत नाही. फियोनाचे नेमके हेच झाले.

या विषयावर कोणी नवा चित्रपट करील तर त्याने शेवटच्या उलगड्याचा मोह टाळावा, एवढीच अपेक्षा आहे. एक माणूस, त्याची बायको, चाळिसाव्या वर्षी एका संध्याकाळी जेवणानंतर उच्चारलेले एक वाक्य, आणि त्या वाक्यानंतरचे एक वर्ष. त्यात नाट्य पुरेसे आहे. कारण सांगू नये. आपल्याला दोन पाय ‘आहेत’ असे आपल्याला का वाटते, याचे कारण तरी आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

यंदाही मी ती दोन वाक्ये फळ्यावर लिहीन. वर्ग हसेल. ‘माझ्याकडे दोन पाय आहेत’ हे वाक्य अशुद्ध आहे, असेच मी सांगेन, कारण परीक्षेत तेच उत्तर आहे. फक्त यापुढे ते फळ्यावरून पुसताना माझा हात थोडा रेंगाळेल.