मालाची नाकेबंदी आणि बातमीची नाकेबंदी



ठाण्यात चौकाला नाका म्हणतात. तीन हात नाका, टेंभी नाका अशी नावे तिथे कोणालाही सहज सांगता येतात. आम्ही राहतो टेंभी नाक्याजवळ, मूळ मात्र पऱ्हाटी-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातले, आणि नाद संगणकाचा. गावाकडे नाका म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे चौक येत नाही. आडवा टाकलेला बांबू येतो, टॉर्च घेऊन गाडीखाली वाकणारा शिपाई येतो, आणि 'कापूस कुठं चालवलाय?' हा प्रश्न येतो. एकच शब्द. इंडियात त्याचा अर्थ चार रस्ते जिथे मिळतात ती जागा. भारतात त्याचा अर्थ जिथे रस्ता संपतो ती जागा.

संगणकाच्या नादाला लागलेल्या माणसाने शेतकऱ्यांच्या पत्रिकेत काय लिहावे, असे कोणी विचारील. संगणक म्हणजे शहरातल्या पांढरपेशांचे खेळणे, ही समजूत आपल्यात अजून आहे. ती चूक आहे एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. संगणक हा आज आपल्या दारात उभा असलेला नवा नाका आहे, आणि तोच नाका फोडण्याचे हत्यारही आहे. कोणत्या बाजूने उभे राहायचे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

आधी जुनी गोष्ट आठवा. 1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. माल आपला, घाम आपला, पण विकायचा कोणाला हे सरकार सांगणार. सीमेपलीकडे भाव जास्त मिळत असला तरी गाडी नाक्यावर अडणार. आता दुसरी गोष्ट. 15 ऑगस्ट 1995 रोजी या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेही मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत. ते देणारी कंपनी एकच, विदेश संचार निगम, तीही सरकारी. तिथेही एकाधिकारच. भाव सरकारचा, वेग सरकारचा, रांग आपली. 1998 साली खाजगी कंपन्यांना हा धंदा खुला झाला. पुढे स्पर्धा वाढली, आणि 2016 नंतर तर दर इतके कोसळले की आज मराठवाड्यातला सालदारही बांधावर बसून व्हिडिओ पाहतो. सरकारने कनवाळूपणे काही दिले म्हणून हे झाले नाही. सरकार बाजूला झाले म्हणून झाले. कापसाला जो न्याय आपण मागत होतो, तो तारेला आधी मिळाला.

त्या तारेचा उपयोग काय? एक हिशेब मांडू. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये निघतो आणि तो कोणालाही मोबाइलवर दिसतो. समजा भाव 70 सेंट आहे आणि डॉलर 85 रुपयांना आहे. एका किलोत साधारण 2.2 पौंड, म्हणजे रुई किलोला सुमारे 131 रुपये पडली. एक क्विंटल कापसातून 34 किलो रुई निघते असे धरले तर रुईचे झाले 4,460 रुपये. सरकीचे पैसे वेगळे. त्यातून जिनिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा खर्च वजा करा. आता बाहेरून येणाऱ्या रुईवर 11 टक्के आयात शुल्क असेल तर तेवढ्याच रुईला गिरणीवाल्याला जवळपास 490 रुपये जास्त मोजावे लागतात. शुल्क काढले की क्विंटलमागे आपल्या मालाच्या पाठीवरचा हा आधार गेला.

हे कागदावरचे गणित नाही. फेब्रुवारी 2021 च्या अंदाजपत्रकात लावलेले हे शुल्क केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबर 2025 पर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून घरात यायचा तो काळ. आम्ही खुल्या व्यापाराच्या बाजूचे आहोत, आयातीला घाबरणारे नाही. पण आयातीला दार सताड उघडे आणि आपल्या बियाण्याला, वायद्याला, निर्यातीला कुलूप, याला खुला व्यापार म्हणत नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीन, हरभरा यांच्यासह सात शेतमालांचे वायदे सेबीने एका वर्षासाठी म्हणून बंद केले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांचा भाव आज दाखवणारा दिवा. दिवा विझवल्याने भाव थांबत नाही, फक्त शेतकऱ्याला दिसेनासा होतो. व्यापाऱ्याकडे त्याची माणसे आहेत, फोन आहेत. अंधारात चाचपडतो तो शेतकरीच.

आता संगणकाची दुसरी बाजू. 2017 साली महाराष्ट्रात दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली आणि तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज भरायची अट आली. नवराबायकोने मिळून सेवा केंद्रापुढे रांगा लावल्या. अंगठे जुळेनात, सर्व्हर चालेना. आयुष्यभर कोळप्याच्या दांड्यावर घासलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला सापडणार कशा? शेवटी याद्या आल्या त्या चुकांनी भरलेल्या. बँकेच्या दप्तरात ज्या कर्जाची नोंद आधीपासूनच होती, त्याचीच माहिती कर्जदाराने पुन्हा भरून द्यायची, आणि चूक निघाली तर दोष त्याचाच!

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपण करायची, ही कल्पना वाईट नाही. तलाठ्याने घरी बसून लिहिलेल्या नोंदीपेक्षा ती नक्की बरी. पण शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि शेतात रेंज नाही, मग काय करायचे? नोंद राहिली की सातबारा कोरा, आणि सातबारा कोरा तर आधारभूत खरेदीच्या नोंदणीत अडचण. ज्वारीचे ढीग खळ्यावर, आणि मालक झाडावर चढून रेंज शोधतोय! 2025-26 च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी बंधनकारक झाली. त्या हंगामात लांब धाग्याला 8,110 रुपये आधारभूत भाव जाहीर होता. पण तो शेतकऱ्याला मिळाला नाही, ॲपमध्ये शिरलेल्या शेतकऱ्याला मिळाला. बाकीच्यांचा माल खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर.

टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात आनंद दिघे बसत. त्यांचे निधन 26 ऑगस्ट 2001 रोजी झाले. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो, पण गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसापुढे ऐकणारा माणूस असे. ॲपपुढे गाऱ्हाणे मांडता येत नाही. ते फक्त 'माहिती जुळत नाही' एवढे सांगते आणि गप्प बसते. आम्हाला दादा-साहेबांचा दरबार परत नको आहे. हक्काची गोष्ट कोणाच्या मेहेरबानीने मिळावी, हे आपल्या चळवळीला कधीच मान्य नव्हते. पण जे यंत्र आपल्याला उत्तर देत नाही, ते यंत्र आपले नाही.

इथपर्यंत मालाच्या नाकेबंदीचे झाले. आता बातमीच्या नाकेबंदीकडे वळू.

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद राहिली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या एका तरुण मुलीने फेसबुकवर या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण केली, बस्स. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. अटकेला आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ. त्रासदायक वाटेल असे काही संगणकावरून पाठवले तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग, आणि त्रासदायक काय ते ठरवणार फौजदार. दिल्लीच्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

यात शेतकऱ्याचे काय, असे म्हणू नका. ज्या हातांनी चार ओळींसाठी पोरीला धरले, तेच हात उद्या 'आमच्या तालुक्यात काट्यात मारतात' असे लिहिणाऱ्या पोराला धरतील.

आणखी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. 2020 साली केंद्राने तीन शेती कायदे आणले. बाजार मोकळा होतोय म्हणून शेतकरी संघटनेने त्यांचे स्वागत केले, आम्हीही केले. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांशी आमचे पटले नाही, आजही पटत नाही. पण 26 जानेवारी 2021 च्या ट्रॅक्टर मोर्चानंतर सिंघू, टिकरी, गाझीपूर या सीमांवर सरकारने काही दिवस इंटरनेट बंद केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकजण गप्प बसले. काहींना तर बरे वाटले. ही आमचीही चूक होती, आणि ती इथे कबूल करतो. आपल्या विरोधकाच्या गाडीपुढे आडवा टाकलेला बांबू आपल्या गाडीसाठी कोणी उचलत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये हरियाणाच्या सात जिल्ह्यांत पुन्हा तेच झाले. इंटरनेट बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजीच सांगून ठेवले होते.

याच कायद्यांसाठी नेमलेल्या न्यायालयाच्या समितीवर आपले अनिल घनवट होते. समितीने मार्च 2021 मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे ठेवला गेला नाही. नोव्हेंबरमध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, आणि मार्च 2022 मध्ये घनवटांनी तो अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. विचार करा: ज्या वर्षी वाद पेटला होता, त्या वर्षी तो अहवाल प्रत्येक मोबाइलवर असता तर? वाद मिटला नसता कदाचित, पण शहाणपणाने झाला असता. बातमीची नाकेबंदी दोन्ही बाजूंना महागात पडली.

आता आपल्या घरातला केर. मोकळी बातमी म्हणजे खरी बातमी नव्हे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही गरीब माणसे. फोन फिरवणारे बोट आपल्यासारख्याच माणसांचे होते. त्याच बोटाने आपण जातीवरून शिवीगाळ पुढे ढकलतो, शहानिशा न करता कापसाचे खोटे भाव पाठवतो, आणि विरोधी मताच्या माणसाला पैसे खाल्लेला ठरवतो. पूर्वी सभेत समोरासमोर बोलावे लागे, म्हणून जीभ जरा आवरून राही. काचेच्या आड तोंड दिसत नाही, मग लाजही राहत नाही.

याला उपाय सरकारी कुलूप नाही. गावची विहीर गढूळ झाली तर आपण ती बुजवत नाही, उपसतो. भाव आला तर बाजार समितीचे नाव, तारीख आणि प्रत विचारा. बातमी आली तर कोणी पाहिले ते विचारा. उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका. एवढे केले तरी निम्मा गाळ बसेल.

तंत्रज्ञान हे औषधही नाही आणि विषही नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही. 2001 साली गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस सापडला. सरकारने तो जाळायचे ठरवले, तेव्हा शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्च 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली. हिरवी बोंडअळी आवरली, पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपली बोंडे पोखरली. म्हणून बीटी खोटे ठरत नाही, पुढचे बियाणे लागते एवढेच ठरते. ते पुढचे बियाणे मागायला जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले बियाणे उघडपणे पेरले. बियाण्याचे जे, तेच संगणकाचे. वापरायचे की नाही, कोणते वापरायचे, हे ठरवण्याचा हक्क कसणाऱ्याचा.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमचे चार शब्द. सरकारी खरेदीला ॲप ठेवा, पण ज्याला ॲप जमत नाही त्याचा माल केंद्रावर कागदावर नोंदवून घ्या. यंत्राने नाकारले तर कारण लेखी द्या, आणि चूक दुरुस्त करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव केंद्रावर लावा. शेतमालाचे वायदे सुरू करा, आणि आयात-निर्यातीचे शुल्क पेरणीनंतर बदलू नका. आणि आंदोलन कोणाचेही असो, इंटरनेट बंद करू नका.

शेवटची गोष्ट सरकारला नाही, आपल्याला. प्रत्येक गावात दोन पोरे-पोरी अशी निवडा की ज्यांना हा संगणकाचा नाद आहे. त्यांना रिकामटेकडी म्हणून हाकलू नका. रोजचा भाव, नवा हुकूम, शुल्कातला फरक वाचून संध्याकाळी पारावर सांगायचे काम त्यांना द्या. सरकार आपल्या सातबाऱ्यात, खात्यात आणि शिवारात रोज डोकावते आहे. आपणही सरकारच्या दप्तरात रोज डोकावू लागलो, की नाका कोणाच्या ताब्यात आहे हे आपोआप कळेल.