कर्ण्यापुढचा कुत्रा काय ऐकत होता?

१/ कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला कुत्रा आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी तबकड्यांवर पाहिला आहे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे हे चित्र जितके सुंदर, तितकेच फसवे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२/ कुत्र्याचे नाव निपर. जन्म १८८४, ब्रिस्टल. धनी मार्क बॅरॉड १८८७ साली वारला आणि निपर त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे आला. १८९५ मध्ये निपरही गेला. चित्र त्यानंतरचे.

३/ ‘कुत्रा मृत धन्याचा आवाज ऐकतो आहे’ ही दंतकथा हृद्य आहे. पण मार्क वारला तेव्हा एडिसनचे सुधारित फोनोग्राफ यंत्र इंग्लंडात पोहोचलेही नव्हते. ते आले १८८८ मध्ये.

४/ फेब्रुवारी १८९९ मध्ये फ्रान्सिसने चित्राच्या हक्कांसाठी अर्ज केला, तेव्हा त्यात ग्रामोफोन नव्हताच! होता तो मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ. त्याच वर्षी लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने अट घातली : आमचे यंत्र रंगवा, चित्र विकत घेतो. ५० पौंड चित्राचे, ५० पौंड हक्कांचे.

५/ हा बदल किरकोळ नव्हे. फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज मुद्रित करता येई. ग्रामोफोन मात्र कारखान्यातून आलेली तबकडी केवळ वाजवी. म्हणजे ज्या यंत्रातून धन्याचा आवाज खरोखर येऊ शकला असता, तेच पुसले गेले. शीर्षक तेवढे उरले.

६/ तबकडीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. एका साच्यातून हजारो प्रती निघत. म्हणूनच १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झालेली गौहर जान आज आपण ऐकू शकतो. पण त्या सोयीची किंमतही होती : घरातील माणूस बोलणारा न राहता केवळ ऐकणारा झाला. निपरच्या निष्ठेने ही किंमत झाकली.

७/ ‘जाहिरातच ती, एवढे काय मनावर घ्यायचे?’ असे कोणी म्हणेल. परंतु यंत्र काय करीत होते, हे जाहिरातीवरून ठरवता येत नाही. गिऱ्हाइकाला काय हवेसे वाटत होते, हे मात्र तीवरून नेमके कळते. पुरावा म्हणून तिचे मोल तेवढेच, आणि ते थोडे नाही.

८/ मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून प्रकाश पडला की रंगाखालचा फोनोग्राफ आजही पुसटसा दिसतो. मित्रहो, जुने पोस्टर हाती आले की आधी एवढे तपासा : त्यात दाखवलेले काम ते यंत्र खरोखर करू शकत होते का?