एकट्याची वाट

डोंगरावर एकट्याने जावे की जाऊ नये? कित्येकांना तो शुद्ध अविचार वाटतो, तर कित्येकांना त्यात मोठे शौर्य दिसते. मला ही दोन्ही मते पटत नाहीत.

एका आश्विनात मी एकटाच भीमाशंकरच्या नागफणी शिखरावर निघालो. घोडेगाव, डिंभे मागे टाकीत एस. टी. घाट चढून आली. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या त्या देवस्थानी यात्रेकरूंची दाटी होती. पण रानवाटेला लागताच सारा गलबला मागे राहिला. बोलायला कोणी नव्हते, म्हणून कान जागे झाले. वर पाने सळसळली. पाहतो तो झुपकेदार शेपटीचा तांबूस शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावत होता! शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. फांद्यांवरूनच त्याचा रस्ता जातो. झाडे तुटली, की तो रस्ताही तुटतो. १९८५ साली हे रान अभयारण्य का झाले, ते मला तेथे उमगले. सोबत्यांशी गप्पा मारीत गेलो असतो, तर शेकरू दिसलाच नसता.

माथा जवळ आला आणि कोकणातून ढग वर चढले. वाट दिसेनाशी झाली. मी घाबरून, दिसेल त्या पायवाटेने भराभर चालू लागलो. इतक्यात धुक्यातून हाक आली, "दादा, थांबा! तिकडं कडा हाय!" एक म्हातारा गुराखी पुढे आला. त्याने मला मूळ वाटेवर आणून सोडले आणि म्हणाला, "वाट चुकली तर मागं फिरावं. पुढं पळू नये."

ढग विरल्यावर मी माथा गाठला. खाली पदरगड आणि कोकण उन्हात झळकत होते. परंतु माझा शौर्याचा अभिमान पार उतरला होता. मी एकटा कोठे होतो? ती वाट अनेकांच्या पायांनी पडली होती, आणि जीव वाचला तो एका अनोळखी माणसाच्या हाकेने.

येथे उगम पावणारी भीमाही प्रथम एक बारीक धार असते. पुढे इंद्रायणी, घोड, नीरा तिला मिळतात. पंढरपुरास तीच चंद्रभागा होते आणि शेवटी कृष्णेला मिळते. एकटे निघावे, पण इतरांचे साहाय्य नाकारू नये, हेच ती शिकवीत नाही काय?

म्हणून माझे मत असे : एकांत चांगला, एकटेपणाचा गर्व वाईट. मुलांनो, तुम्ही आज वडीलधाऱ्यांबरोबरच डोंगरावर जा. मात्र वाटेत घटकाभर मुकाट्याने चाला. मोठेपणी एकटे जाल, तेव्हा कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, ते घरी सांगून निघा. आणि वाट चुकलीच, तर मागे फिरण्यात कमीपणा मानू नका.