फ्यूज उडाला, बरे झाले!

आमचे मामा पौडला राहतात. भाताची चार खाचरे, मोठी पडवी आणि त्या पडवीत १९६६ सालची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला बिलगलेला. हिच्याच वंशातली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून राबली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून मामांच्या मिशीला जरा अधिकच पीळ बसला आहे. पावसाळाभर गाडी झाकून ठेवायची, भात कापणीला आले की बाहेर काढायची आणि भाऊबीजेला ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या मावशीकडे जायचे, हा त्यांचा नेम.

गेल्या साली निघायला उशीर झाला. मुळशीचे धरण मागे पडले, अंधारले आणि घाटाच्या तोंडाशी गाडीचे मागचे दिवे नि डॅशबोर्डवरचा दिवा एकदम गेले. पाठीमागून येणारा ट्रक करकचून ब्रेक लावून थांबला म्हणून बरे. फ्यूज उडाला होता. दुसरा जवळ नव्हता. तेव्हा गाडीतल्या एका हुशाराने (कोणी ते आत्ताच विचारू नका) सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवली. दिवे लागले. मंडळी खूश!

मैलभर गेले नाहीत तोच जळका वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर निघू लागला. मागच्या सीटवर चार वर्षांची नात झोपलेली. मामींनी तिला उचलून रस्त्याच्या कडेला नेले. बॅटरीची तार सोडवायला पाना सापडेना. शेवटी मामांनी ती हिसडून काढली. तेवढ्यावर निभावले.

यंदा मामांचा फोन आला, “अरे, तू गाड्यांवर लिहितोस ना? मग ये, आणि ही बघ.”

वाचकहो, हिशेब साधा आहे. मागचे दिवे, पाटीचा दिवा, पुढचे बारके दिवे मिळून पंचवीस-तीस वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह दोन-अडीच अँपिअर. फ्यूज पांढरा, ८ अँपिअरचा. एवढी मोकळीक असूनही तो उडतो, तेव्हा कुठेतरी तार उघडी पडून गाडीच्या पत्र्याला लागली आहे, हे उघड आहे. बॅटरीला अशी आडवाट मिळाली की ती शेकडो अँपिअर ओतू शकते. मग काहीतरी वितळणारच. ते फ्यूजने वितळावे, म्हणून तर त्याला तिथे बसवलेले असते. चांदीचा कागद लावला, की जळण्याची पाळी तारेवर येते.

मी प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडली. अर्थची आधी का? दुसरी सोडताना पाना पत्र्याला लागला तर लखकन ठिणगी पडते, आणि बॅटरीवर तर ज्वालाग्राही वायू असतो. बोटातली अंगठीही काढून ठेवावी. विडी विझवावी, हे मामांना दोनदा सांगावे लागले.

जळालेली तार डॅशबोर्डखाली शेजारच्या दोन तारांना घेऊन वितळली होती. अशा ठिकाणी नुसती चिकटपट्टी गुंडाळणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तो धंदा करू नये. तिन्ही तारांचा तेवढा तुकडा कापून काढला, त्याच जाडीची नवी तार घातली, सांध्यांना डाख दिला आणि वर नळी चढवली. पण हा झाला परिणाम. कारण अजून लपलेलेच होते.

ते हुडकायला एक स्वस्त युक्ती आहे. २१ वॅटचा, म्हणजे इंडिकेटरचा, एक दिवा घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्यात आणि फ्यूजच्या जागी तो लावावा. त्या फेऱ्यातले सगळे बल्ब काढून ठेवावेत, बॅटरी जोडावी, बटण चालू करावे. आपला दिवा अंधारात राहिला, तर सारे ठीक. झगझगीत पेटला, तर तार पत्र्याला लागलेली आहे. तार जळायची भीती नाही, कारण दिवा दोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊच देत नाही. आमचा झगझगीत पेटला. मामांना मी पुढे दिव्याकडे बघत बसवले आणि मागून एकेक तार हलवत निघालो. डिकीजवळ हात लागताच मामा ओरडले, “विझला रे!”

डिकीच्या पत्र्यातल्या भोकाचे रबरी कडे वाळून पडले होते आणि धारेने तारेचे वेष्टन कापले होते. शिवाय चार बोटांवर उंदरांचे दात! पडवीत भाताची पोती नि शेजारी झाकलेली गाडी; उंदरांना पावसाळ्यात याहून बरे बिऱ्हाड कुठले? ज्या मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरून वीज करते, तिथे दोन वीत तारेपायी गाडी जळत होती.

बॅटरी पुन्हा सोडून तेवढी तार बदलली, नवे कडे बसवले. बल्ब लावले तर डावा मिणमिणता. त्याचा दोष वेगळा. पत्रा हीच परतीची तार. तिथे गंज आणि रंग चढला होता. कानशीने घासून पत्रा उजळला, स्क्रू आवळला, दिवा सुधारला.

“आता पुढे शंभर-शंभर वॅटचे दिवे लावून टाक,” मामा म्हणाले.

“मामा, तुमचा डायनॅमो सावकाश चालीत आधीच दमतो. त्या तारा आणि ते बटण एवढ्या प्रवाहाचे नाहीत. नकोच ते.”

मामांना ते फारसे पटले नाही. पण काडेपेटीत पाच पांढरे फ्यूज, दहा नंबरचा पाना आणि छोटे अग्निशामक नळकांडे गाडीत ठेवले. चहा पिताना मी विचारले, “पण गेल्या साली ती चांदी बसवली कोणी?” मामा घाईघाईने उंदरांचा पिंजरा शोधायला गेले. मामी म्हणाल्या, “त्या दिवसापासून यांनी सिगारेट सोडून विडी धरली आहे.”