पट कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या झाडलोटींत माळ्यावरून सोंगट्यांचा एक जुना पट खालीं आला. कापड विरलेलें, दोन सोंगट्या हरवलेल्या. तरी संध्याकाळीं मुलांनीं त्यांच्या जागीं चिंचोके ठेवून डाव मांडलाच. आमचा पुतण्या संगणकासमोरून उठून आला आणि त्यानें विचारलें, "काका, हा पट कोणाचा?"

"माझ्या आजोबांचा. आतां तुमचा."

तो क्षणभर थांबला व म्हणाला, "मग माझे संगणकावरचे खेळ माझ्या मुलांना मिळतील का?"

प्रश्न पोरकट नव्हता. त्याचें उत्तर बहुतांशीं 'नाहीं' असें आहे. आणि तें कां, हें प्रत्येक घरानें समजून घेण्यासारखें आहे.

संगणकावरील खेळांच्या भवितव्याविषयीं बोलणें निघालें कीं चित्रें किती हुबेहूब होतील, यंत्रें किती वेगवान होतील, याचीच चर्चा होते. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे: खेळ यापुढें आपल्या घरांत राहणार, कीं परक्याच्या कोठारांत?

पूर्वीं खेळ फ्लॉपीवर किंवा सीडीवर मिळे. १९९३ सालचा 'डूम' हा खेळ असाच घरोघर गेला. १९९७ सालीं कर्त्यांनीं त्याची मूळ संहिताही लोकांस खुली केली. म्हणूनच, जीं यंत्रें तेव्हां जन्मासही आलीं नव्हतीं त्यांवर तो आज चालतो. पुढें २००३ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें 'स्टीम' ही इंटरनेटवरील व्यवस्था सुरू केली, आणि २००४ च्या 'हाफ-लाइफ २' साठीं, दुकानांतून डबा विकत आणला तरी, तेथें खातें उघडणें भाग पडलें. सोय मोठी होती. सीडी हरवण्याची भीति नाहीं. यंत्र बदललें तरी खेळ पुन्हां उतरवून घेतां येतो. परंतु त्या सोयीबरोबर मालकी निसटली. जें आपण 'विकत घेतलें' म्हणतों, तो वस्तुतः वापरण्याचा परवाना असतो. स्टीमच्या करारानुसार खातें दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत नाहीं. २०२४ पासून एका घरांतील सहा जणांस आपसांत खेळ वाटून घेण्याची मुभा मिळाली आहे. एकत्र कुटुंबास सहा हा आंकडा तोकडा वाटेल. पण तो पुरेसा असता, तरी मुभा म्हणजे वारसा नव्हे.

युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ सालीं निघाला. एकट्यानें खेळतांनाही तो कंपनीच्या सर्व्हरशीं जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ नंतर ते सर्व्हर बंद झाले, आणि दाम मोजलेल्यांस आपलाच खेळ खेळतां येईनासा झाला. गूगलची 'स्टेडिया' ही याहून पुढची पायरी: खेळ दूरच्या यंत्रावर चालावा, चित्र तेवढें घरीं यावें. ती २०१९ मध्यें निघाली व जानेवारी २०२३ मध्यें मिटली. गूगलनें खेळांचे पैसे परत केले, हें न्यायाचें झालें.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. सर्व्हर चालविण्याचा खर्च कोणी जन्मभर सोसणार नाहीं. पण सुज्ञ खेळाडूंची तशी मागणीही नाहीं. दुकान आवरतांना खेळ चालण्याजोगा करून जा, एवढेंच त्यांचें म्हणणें. या मागणीच्या, युरोपीय संघाकडे करावयाच्या अर्जावर जुलै २०२५ मध्यें दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियांत तर १ जानेवारी २०२५ पासून, असा परवाना विकणाऱ्यानें तो परवानाच आहे हें ग्राहकास स्पष्ट सांगितलें पाहिजे, असा कायदा अमलांत आला.

आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. घरगुती संगणकावरील खेळ जाणत्या हातांस उघडून पाहतां येतो, बदलतां येतो. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ सालीं हौशी तरुणांनीं 'हाफ-लाइफ' मध्यें केलेल्या फेरफारांतूनच जन्मला. बंद पडलेला 'द क्रू' ही २०२५ मध्यें हौशी जाणकारांनींच संगणकावर पुन्हां चालता केला. खेळाच्या फाइली लोकांच्या घरीं होत्या, म्हणून तें साधलें. सर्वच खेळ परक्याच्या कोठारांत गेले, तर मुलांच्या हातीं खेळणें तेवढें उरेल, घडविणें उरणार नाहीं.

तेव्हां वडीलधाऱ्यांनीं "किती वेळ खेळतोस?" एवढेंच विचारून थांबूं नये. खेळ घेतांना मुलांशेजारीं बसून तीन प्रश्न विचारावे: इंटरनेट नसतां हा चालतो काय? याची प्रत आपल्यापाशीं ठेवतां येते काय? कंपनीनें हात काढून घेतल्यावर याचें काय होईल? 'जीओजी' हें दुकान २००८ पासून प्रत जपून ठेवतां येईल असे खेळ विकीत आलें आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटींतील नाहीं.

पुतण्यानें तसे दोन खेळ निवडून एका डिस्कवर उतरवून घेतले आहेत. पट पुन्हां माळ्यावर गेला, तेव्हां त्याच बोचक्यांत ती डिस्कही होती.