पॅनेल छतावर, हिशेब कुठे?

सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. एखादी गोष्ट नीट चालते असे कोणी म्हटले की आधी लॉग बघायचा. आपल्या संस्था छतावर सौर पॅनेल बसवतात तेव्हा हा लॉग कोणी बघत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ओबरलिन कॉलेज आहे. तिथले प्राध्यापक डेव्हिड ऑर यांच्या पुढाकाराने २००० साली पर्यावरण अभ्यासाची नवी इमारत झाली. वापरते त्याहून जास्त ऊर्जा ती निर्माण करील, असे स्वप्न होते. छतावर सुमारे ६० किलोवॅटचे पॅनेल बसले, कौतुकही खूप झाले. पण त्याच कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफील्ड यांनी आकडे मांडले. छतावर तयार होणाऱ्या विजेपेक्षा इमारत बरीच जास्त वीज खात होती. कडक हिवाळा, त्यात विजेवर चालणारा बॉयलर!

घरातल्याच माणसाने चूक काढली की काय होते, हे आपल्या संस्थांत वावरलेल्यांना सांगायला नको. तिथेही वाद झालाच. पण पुढे यंत्रणा सुधारली, २००६ साली वाहनतळावर आणखी १०० किलोवॅटचे पॅनेल आले, आणि तेव्हा कुठे उत्पादन वापराच्या पुढे गेले.

मध्यंतरी मी आपल्याकडच्या एका शिक्षणसंस्थेच्या गच्चीवर गेलो होतो. दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली थेट पॅनेलवर. पॅनेल माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेचे उत्पादन घसरू शकते. धूळ इतकी की बोटाने नाव लिहावे. इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. उद्घाटनाची पाटी मात्र चकचकीत होती.

महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. म्हणजे २० किलोवॅटला महिन्याकाठी २४०० च्या आसपास. पावसाळ्यात कमी, एप्रिलमध्ये जास्त. तेवढे इन्व्हर्टरवर दिसतात का? हे तपासायला पदवी लागत नाही, आणि तुमच्यातले कितीतरी जण तर पॉलिटेक्निकला, इंजिनिअरिंगला आहेत. कॉलेज असो, मदरसा असो की वसतिगृह, विश्वस्तांकडे बारा महिन्यांची बिले मागा. महिन्याचे आकडे नोटीस बोर्डावर लावा. पॅनेलचा पैसा लोकांच्या वर्गणीतून आलेला असतो.

‘पोरांना काय कळतं?’ असे ऐकावे लागेल. ऐकून घ्या, आणि पुढच्या महिन्याचे बिलही मागा.