दंगेखोर मूल आणि आपला दवाखाना

सहावी ते आठवीतील दंगेखोर मुलाला पूर्वी छडी मिळे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मज्जाव केला, हे योग्यच झाले. परंतु भरगच्च वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या हाती त्याऐवजी काय दिले? मग ते मूल आपल्या दवाखान्यात येते, तेही ‘अतिचंचल’ हा शिक्का शाळेतूनच घेऊन.

येथे आपण वैद्यक मंडळींनी जरा थांबावे. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने टिकावी लागतात, काही बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. केवळ गणिताच्या तासाला उधळणारे मूल यात बसत नाही. आधी कान-डोळे तपासावेत. फळा न दिसणारे मूल शेजाऱ्याशी बोलणारच! क्षणभर शून्यात पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अपस्मारही असू शकतो, हे शिक्षकांना आपल्यावाचून कोण सांगणार?

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच भूमीत, गोत्रीतल्या डॉक्टरांनी महिन्यातून एक दुपार जवळच्या शाळेतील शिक्षकांसमवेत बसणे मुळीच अवघड नाही. शुल्क म्हणून चहा पुरे.